सेकंडरी सर्व्हर जुनंच उत्तर देतोय? झोन ट्रान्सफर कुठे अडकलं ते शोधूया

आज डीएनएसमधला असा बिघाड घेऊया, जो झालाय हे बरेच दिवस कोणाच्या लक्षातच येत नाही. प्रायमरी सर्व्हरवर तुम्ही नोंद बदललीत, पण ती सेकंडरीपर्यंत पोचलीच नाही. म्हणजेच झोन ट्रान्सफर फेल.

आधी पटकन उजळणी. झोन म्हणजे एका डोमेनच्या सगळ्या नोंदींची वही. मूळ वही प्रायमरीकडे, तिची प्रत सेकंडरीकडे. बाहेरच्या जगाला मात्र दोघंही सारखेच. कोणी याला विचारतं, कोणी त्याला. त्यामुळे प्रत जुनी राहिली की काहींना नवा आयपी मिळतो, काहींना जुना. मग ऑफिसात ते प्रसिद्ध वाक्य ऐकू येतं, "माझ्याकडे तर चालतंय!"

झोनमध्ये एसओए नावाचा एक रेकॉर्ड असतो. समजा त्यात रिफ्रेश ३६००, रिट्राय ९०० आणि एक्स्पायर १२०९६०० आहे. हे सगळे सेकंद. म्हणजे सेकंडरी दर तासाला प्रायमरीला विचारणार, "तुझा सिरियल नंबर किती?" जमलं नाही तर १५ मिनिटांनी पुन्हा विचारणार. आणि १४ दिवस जमलंच नाही, तर तो झोन बाद करून सर्व्हफेल द्यायला लागणार.

खरी मेख इथेच आहे. सिरियल विचारणं साधारणपणे यूडीपीवर होतं, पण पूर्ण ट्रान्सफर, म्हणजे एएक्सएफआर, टीसीपीवर होतं. पोर्ट दोन्हीकडे ५३च. आता कोणीतरी फायरवॉलमध्ये टीसीपी ५३ बंद केलं. त्या दिवशी काय होतं? काहीच नाही! सिरियल तोच आहे, सेकंडरी खूश आहे. महिन्याभराने तुम्ही एक नोंद बदलता, सिरियल वाढतो, ट्रान्सफर अडकतं आणि १४ दिवसांचं घड्याळ सुरू होतं. ते संपलं की साइट आणि ईमेल अधूनमधून गंडायला लागतात. तोवर फायरवॉलचा तो बदल कोणाला आठवतच नाही.

मग शोधायचं कसं? क्रमाने जाऊ.

पहिलं काम, सिरियल बघा. डिग कमांडने दोन्ही सर्व्हरना थेट एसओए विचारा. दोन्हीकडे नवा सिरियल दिसला, तर ट्रान्सफर नीट आहे, दुखणं दुसरीकडे आहे. प्रायमरीच जुना सिरियल दाखवत असेल, तर फाइल सेव्ह झाली पण रीलोड झाली नाही, किंवा फाइलमध्ये चूक आहे. बाइंड वापरत असाल तर नेमड-चेकझोन चालवा. आणि फक्त सेकंडरीच मागे असेल, तर पुढे या.

दुसरं काम, सेकंडरी मशीनवर लॉगिन करून तिथूनच डिगने एएक्सएफआर मागा. स्वतःच्या लॅपटॉपवरून नको, कारण परवानगी सेकंडरीच्या आयपीला दिलेली असते. आता उत्तर नीट वाचा. टाइमआउट आला, तर फायरवॉल किंवा क्लाउडचा सिक्युरिटी ग्रुप तपासा. कनेक्शन रिफ्यूज्ड आलं, तर तिथे टीसीपीवर बहुधा कोणी ऐकतच नाहीये. आणि ट्रान्सफर फेल्ड आलं, तर निरोप पोचलाय, पण समोरच्याने नकार दिलाय.

नकार आला की प्रायमरीचा लॉग उघडा. कोणत्या आयपीला डिनाइड केलं ते तिथे लिहिलेलं असतं. बऱ्याचदा तो आयपी तुम्ही अलाउ-ट्रान्सफरमध्ये लिहिलेला नसतोच! सेकंडरीला दोन नेटवर्क कार्ड असतात, मध्ये नॅट असतं, किंवा गडी आयपीव्ही६वरून येत असतो. खरा आयपी यादीत घाला, किंवा सेकंडरीवर ट्रान्सफर-सोर्स ठरवून द्या. पण वैतागून "सगळ्यांना परवानगी" असं करू नका. तुमच्या सगळ्या होस्टची यादी कोणालाही एका कमांडमध्ये मिळेल.

तिसरं, टीसिग की वापरत असाल तर. दोन्हीकडे सिक्रेट सारखं हवंच, पण कीचं नाव आणि अल्गोरिदमही सारखाच हवा. आणि घड्याळ! सहसा ३०० सेकंदांपर्यंतचाच फरक चालतो. त्याहून जास्त झाला की बॅडटाइम. क्रोनी चालू आहे का बघा.

चौथं, ट्रान्सफर झालं पण फाइल लिहिताच आली नाही. सेकंडरीच्या लॉगमध्ये परमिशन डिनाइड दिसेल. उबुंटूवर झोनची फाइल एटीसी-बाइंड फोल्डरमध्ये ठेवायला सांगितली असेल, तर अ‍ॅपआर्मर अडवतो. व्हार-कॅश-बाइंडमध्ये ठेवा.

आता सगळ्यात भारी प्रकार. सिरियल तारखेवरून लिहायची पद्धत आहे. घाईत २०२५०३१५०१ च्या जागी २०५२०३१५०१ टाइप झालं आणि सेकंडरीने ते घेतलंसुद्धा. नंतर तुम्ही बरोबर आकडा टाकलात, तरी तो लहान आहे, म्हणून सेकंडरी ढुंकूनही बघत नाही. सेकंडरी तुमच्या हातात असेल तर आरएनडीसी रीट्रान्सफर द्या, विषय संपला. तो दुसऱ्या कंपनीचा असेल तर गणित करावं लागतं. सिरियल ३२ बिटांचा आहे आणि गोल फिरतो. चुकीच्या आकड्यात २१४७४८३६४७ मिळवा, ४१९९५१५१४८ येतात. तो टाका, रीलोड करा, सगळ्या सेकंडरींनी घेईपर्यंत थांबा. मग २०२५०३१५०२ टाका. गोल फिरल्यामुळे आता हाच आकडा "पुढचा" ठरतो.

आणि नोटिफाय? बदल झाला की प्रायमरी सेकंडरीला लगेच हाक मारतो, ती ही सोय. ती हाक पोचली नाही तरी पुढच्या रिफ्रेशला ट्रान्सफर होतंच. म्हणजे फक्त उशीर होत असेल तर नोटिफाय बघा. कधीच होत नसेल तर आधीच्या चार गोष्टी बघा.

जाता जाता एक काम सांगतो. दर दहा मिनिटांनी सगळ्या सर्व्हरचे सिरियल ताडून बघणारी छोटी स्क्रिप्ट लिहा. फरक तासाभराहून जास्त टिकला की अलर्ट. दहा-बारा ओळींचं काम आहे, पण मग १४ दिवसांचं घड्याळ संपायच्या आधी तुम्हाला कळेल, ग्राहकाचा फोन येईपर्यंत थांबावं लागणार नाही. करून बघा, कुठे अडलं तर कळवा. भेटूया पुढच्या भागात!