बुडखा उपटण्याआधी

झाड तोडलं की ओंडके व्यापारी नेतो, फांद्या सरपणाला जातात आणि मागे उरतो तो बुडखा. मग घरात ठरतं, "जेसीबी आला की उपटून टाकू." मशीनचं भाडं घरच्याच पैशातून जातं, पण आपल्याला कुणी विचारत नाही. म्हणून आमच्या गटांच्या बैठकीत यावर जे बोलणं झालं, ते आज तुम्हाला सांगतो.

बुडखा किती टिकतो, ते झाडाच्या जातीवर आहे. शेवगा, पांगारा यांचं लाकूड मऊ. साधारण २-३ पावसाळ्यांत ते भुसभुशीत होतं. आंब्याचा जाड बुडखा त्याहून जास्त काळ राहतो, पण वाळवी लागली की आतून पोखरतो. सागाचं बाहेरचं पांढरट लाकूड कुजतं, आतला गाभा मात्र कित्येक वर्षं टणक राहतो. जिथे ओल जास्त, तिथे कुजणं लवकर. कोरड्या माळावर उशिरा.

पण बुडखा मेलाय का, हे आधी बघा. कडुलिंब, साग, चिंच, जांभूळ, सुबाभूळ यांना बुडख्यातून धुमारे फुटतात. मुळं जुनी आणि खोल असतात, म्हणून हे धुमारे नव्या रोपापेक्षा भराभर वाढतात. एका पावसाळ्यानंतर त्यातले जोमदार एक-दोन ठेवायचे, बाकीचे काढायचे. भोवती काट्या लावायच्या, नाहीतर शेळ्या शेंडे ठेवत नाहीत. आमच्या एका ताईंनी बांधावरचा कडुलिंबाचा बुडखा असाच हट्टाने राखला. आज त्याच्या सावलीत दुपारची भाकरी खाता येते.

बांधावरचा बुडखा मेलेला असला तरी उपटायची घाई नको. त्याची मुळं माती धरून ठेवतात. मशीनने ओढला की बांध फुटतो, आणि पहिल्याच मोठ्या पावसात वावरातली माती ओढ्याला जाते.

काहीजण बुडख्यावर मीठ किंवा डिझेल ओततात. त्याने जमीन नासते. विहीर जवळ असेल तर पाण्यालाही धोका. पेटवूनही देऊ नका. मुळांतून विस्तव आत धुमसत राहतो आणि वाळलेल्या गवतात, गंजीत आग पोचू शकते. लवकर कुजवायचा असेल तर पहारीने भोकं पाडा, शेणकाला ओता, वर माती-पाचोळा घाला आणि ओल ठेवा.

अंगणातला टणक बुडखा वरून सपाट केला की धार काढायला बसायला किंवा लाकडं फोडायला ठोकळा होतो. पोकळ बुडख्यात शेणखत-माती भरून अळू, गवती चहा लावता येतो. मात्र फळझाडाचं रोप अगदी लगत लावू नका. कुजणारं लाकूड जमिनीतलं नत्र ओढून घेतं आणि रोप पिवळं पडतं. चार-पाच फूट अंतर ठेवा.

एक जपा. पोकळीत विंचू-साप बसतात. हात घालण्याआधी काठीने ठोकून बघा, मुलांना लांब ठेवा. घराच्या भिंतीलगतच्या बुडख्याला वाळवी लागली असेल, तर तो मात्र काढलेलाच बरा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या वावरातले बुडखे मोजून या. कुठला फुटतोय, कुठला कुजतोय, कुठला बांध धरून आहे, ते वहीत लिहू. मग जेसीबीला काय सांगायचं, ते आपणच ठरवू.