घरें आणि शेजार
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं मंदिराचें कौतुक करावें, ही रीत योग्यच आहे. परंतु मंदिराभोवतीं जीं घरें उभीं राहिलीं, त्यांचा इतिहास तोच धर्मग्रामाचाहि इतिहास होय. म्हणून आज आम्हीं घरांविषयींच बोलावयाचें योजिलें आहे.

तारापूरचा पोर्तुगीज किल्ला सन १७३९ मध्यें चिमाजी आप्पांच्या सैन्यानें घेतला. त्यानंतर सव्वादोनशें वर्षें हा किनारा मासेमारी, शेती व बागाईत यांवरच जगला. पुढें २८ ऑक्टोबर १९६९ रोजीं अणुविद्युत् केंद्राच्या पहिल्या दोन भट्ट्या रीतसर चालूं झाल्या, आणि केंद्राच्या नोकरांसाठीं आखीव वसाहत उभी राहिली. मागोमाग कारखाने आले. सन २०१३ मध्यें उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत धांवूं लागली, सन २०१४ मध्यें पालघर जिल्हा झाला, आणि पाहतां पाहतां बोईसर गांवाचें उपनगर बनलें.

वसाहतीनें परप्रांतींच्या कुटुंबांस रस्ते, शाळा व शेजार दिला. मात्र चाकरीचें घर चाकरीबरोबरच संपतें. किल्ली परत करून निरोप घेणारीं कुटुंबें आम्हीं पुष्कळ पाहिलीं आहेत.

परंतु बंधूंनो, या विजेची खरी किंमत दुसऱ्यांनीं दिली. चौथी भट्टी सन २००५ मध्यें व तिसरी सन २००६ मध्यें चालूं झाली. त्यांसाठीं अक्करपट्टी व पोफरण येथील लोकांस पिढ्यान्‌पिढ्यांचीं घरें सोडावीं लागलीं. नव्या जागीं त्याच नांवांचीं गांवें वसविलीं. नांव नेतां आलें. समुद्र नेतां आला नाहीं. ज्याच्या अंगणांत जाळें सुकत असे, त्यास चार भिंती मिळाल्या म्हणून पोट भरत नाहीं. पुनर्वसनाच्या न्यायासाठीं त्या लोकांस उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली.

दिवंगत परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनीं सन २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकांत हाच प्रश्न घेतला आहे. गरिबांस हलविणें अटळच असेल, तर त्यांस आधीं सर्व कळवावें, राहण्याजोगीं घरें निवडूं द्यावीं व निर्णयांत सहभागी करून घ्यावें, अशी त्यांची शिकवण आहे.

आज बैठीं घरें व चाळी पाडून तेथें उंच इमारती उठत आहेत. ती प्रगति आम्हांस नको असें नाहीं. परंतु पाडलेल्या खोलींत भाड्यानें राहणारा कोठें गेला, हें विचारणारा कोणी असावा कीं नसावा? यरुशलेमचा पडलेला कोट नहेम्यानें उभारिला, तेव्हां अनेकांनीं आपापल्या घरासमोरचा भाग बांधून काढिला. याजकहि त्यांत होते, सोनारहि होते. उद्धाराची रीत हीच होय.

तेव्हां प्रत्येक कुटुंबानें आपल्या दारासमोरचा भाग सांभाळावा. नवा भाडेकरू आला तर त्याची ओळख करून घ्यावी. निवृत्त होऊन एकट्या पडलेल्या वृद्धाचें दार ठोठवावें. विस्थापित शेजाऱ्याच्या अर्जास, तो कोणत्याहि धर्माचा असो, लिहितां येणाऱ्याचा हात लाभावा. ज्याला जन्मतां उतारशाळेंत जागा मिळाली नाहीं, त्या प्रभूचे आपण अनुयायी आहोंत, हें आपणांस विसरतां येणार नाहीं.

तो प्रभु आपल्या घरांस व आपल्या शेजारास आशीर्वाद देवो. आमेन.