कान्हेरीचें राज्य



माजिवड्याच्या नाक्यावर उभें राहून पश्चिमेकडे पाहिलें तर उड्डाणपुलाच्या वर येऊरच्या डोंगराची रेघ अजून दिसते. त्या रेघेपलीकडे, बोरिवलीच्या अंगास, कान्हेरीचीं लेणीं आहेत. तेथें माझ्या एका विद्यार्थ्यानें एकदां स्वतंत्र राज्य वसविलें होतें. ‘इतिहास निराळा घडला असता तर’ हा निबंधाचा विषय मींच दिला होता. मुलगा येऊरच्या एका पाड्यावरचा. त्याच्या कल्पनेंत कान्हेरीचें बौद्ध राज्य आजतागायत टिकलें होतें. भिक्षुसंघ कारभार पाही आणि माजिवड्यास सरहद्दीची चौकी होती. सोबत नकाशाहि होता. मीं तांबड्या शाईनें ‘असंभव’ असा शेरा मारला व दहांपैकीं तीन गुण दिले.

शेरा चुकीचा नव्हता, असें मला अजूनहि वाटतें. शंभराहून अधिक लेण्यांची ती वसाहत सुमारें हजार वर्षें नांदती होती, हें खरें. पावसाचें पाणी पन्हळींनीं टांक्यांत उतरविण्याची तेथील व्यवस्था पाहून आम्हां नळावर भांडणाऱ्यांनीं मान खालीं घालावी. परंतु हें सारें उभें राहिलें तें खालच्या गांवांच्या आधारावर. शेतें दान दिल्याच्या नोंदी शिलालेखांत आहेत. अक्षयनीवी म्हणून ठेवलेल्या मुदलाच्या व्याजांतून भिक्षूंना वस्त्रें मिळत. एक टांकें तर कल्याणच्या सोनारानें खोदविलें. मोठ्या चैत्यगृहाच्या लेखांत यज्ञश्री सातकर्णीचें नांव येतें, आणि शके 799, म्हणजे इ. स. 877 च्या लेखांत राष्ट्रकूट अमोघवर्ष व त्याचा मांडलिक शिलाहार कपर्दी यांचें. ज्याच्या भिंतीवर दुसऱ्याच राजाचें नांव, तें राज्य कसलें? इ. स. 1009 मध्यें कांहीं पारशी मंडळी तेथें आपलीं नांवें पहलवींत कोरून गेली. त्यांना कोणी चौकीवर अडविल्याचें दिसत नाहीं.

डोंगरांतील बौद्ध राज्य खरोखर होतें तें सिक्कीमचें, म्हणून वह्या परत देतांना मीं तें उदाहरण घेतलें. 1642 सालीं युकसोम येथें लामांनीं फुन्त्सोग नामग्याल याला गादीवर बसविलें. 1950 च्या तहानें संरक्षण, परराष्ट्रव्यवहार व दळणवळण भारताकडे आलें. 1975 च्या एप्रिलांत सार्वमत झालें आणि 16 मे रोजीं सिक्कीम भारताचें बाविसावें घटक राज्य झालें. मी तेव्हां स्वतः विद्यार्थी होतों. राजा बौद्ध, पण बहुसंख्य प्रजा नेपाळी बोलणारी व बरीचशी हिंदु. तरी कौन्सिलांत थोड्या भूतिया-लेपचांना नेपाळ्यांइतक्याच जागा. असंतोषाचें हें एक मोठें कारण.

मी इथवर आलों तोंच तो मुलगा उठला. म्हणाला, “गुरुजी, माझ्या राज्यांत आमच्या पाड्याला मत आहे कीं नाहीं, हें मीं लिहिलेंच नाहीं.”

मीं म्हटलें, “मग लिही.”

दुसऱ्या दिवशीं त्यानें एक पान जोडून आणलें. भिक्षूंना सरपण कोण आणून देई, असा त्यांत प्रश्न होता. लेखांत सोनार आहे, व्यापारी आहेत, भिक्षुणी आहेत; मोळी वाहणाऱ्याचें नांव मला आठवेना. मीं घरीं जाऊन पुस्तकें चाळलीं, तरी सांपडेना.

गुण मात्र मीं वाढविले नाहींत. ते तक्त्यावर चढून गेले होते. ती वही अद्याप मजजवळ आहे. नकाशांतली माजिवड्याची चौकी त्यानें मागाहून खोडली आहे, आणि येऊरच्या बाजूनें लेण्यांपर्यंत पेन्सिलीनें एक पायवाट काढली आहे.