न उकललेली कोडी आणि इंग्रजीचा वर्ग
(सुवर्णमहोत्सवी समारंभात काकती येथे केलेले भाषण)



ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मी दोन शब्द बोलावेत अशी चिटणिसांची आज्ञा झाली. मी काही व्याख्याता नव्हे. माझा सारा जन्म खडू आणि फळा यांच्या सहवासात गेला. तेव्हा ज्या कामाशी माझा प्रत्यक्ष संबंध आहे, त्या आपल्या रविवारच्या इंग्रजीच्या वर्गाविषयीच मी बोलणार आहे. या वर्गाबद्दल काही सभासदांच्या मनात शंका आहेत हे मला ठाऊक आहे. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी तर मला समक्षच विचारले, "मास्तर, व्याकरण शिकवायचे सोडून तुम्ही मुलांना भुताटकीच्या जहाजांच्या आणि नाहीशा झालेल्या विमानांच्या गोष्टी सांगता, हे काय?" त्यांनी समक्ष विचारले याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. आजचे माझे बोलणे म्हणजे त्यांच्या प्रश्नाचे उत्तर असे समजावे.

आपली काकती हे राणी चन्नम्माचे जन्मगाव. पुणे-बेंगळूर हमरस्ता गावाला लागून जातो आणि होनग्याची औद्योगिक वसाहत हाकेच्या अंतरावर आहे. मुले शिकून पुण्याला जातात, बेंगळूरला जातात. इंग्रजीचे महत्त्व आपणांस पटवून देण्याची गरज नाही. पण दहा दहा वर्षे इंग्रजी शिकलेला आपला मुलगा मुलाखतीला बसला की त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, हा अनुभव पुष्कळ घरांनी घेतला आहे. शब्द त्याला येत नाहीत असे नव्हे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्या वाढल्या त्यांनाही शब्द येत होते, नियमही येत होते. अडचण निराळीच आहे. चुकण्याचे भय ही ती अडचण होय.

हे भय मुलांच्या मनात कोण घालतो? मीही घातले आहे, हे मला आज सांगितले पाहिजे. फार वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. एरवी अबोल. एके दिवशी ती आपण होऊन उभी राहिली आणि आजोळच्या जत्रेची हकीकत इंग्रजीत सांगू लागली. पहिल्याच वाक्यात तिने क्रियापद चुकवले. मी थांबवले. दुसऱ्या वाक्यात पुन्हा थांबवले. तिसऱ्या वेळी वर्ग हसला आणि ती खाली बसली. त्यानंतर ती वर्गात इंग्रजीचा एक शब्दही आपण होऊन बोलली नाही. परीक्षेत मात्र उत्तम गुणांनी पास झाली. मीही त्या गुणांवर समाधान मानले.

सेवानिवृत्तीनंतर ट्रस्टने हा वर्ग माझ्याकडे सोपविला, तेव्हा ती मुलगी माझ्या डोळ्यांसमोर होती. मी स्वतःशी विचार केला की, वर्गात आपण मुलांना जे प्रश्न विचारतो त्या सर्वांची उत्तरे आपल्याजवळ आधीच असतात. राजाचे नाव काय, नदी कोठे उगम पावते. मूल उत्तर देते ते आपल्या मनातल्या उत्तराशी जुळवून पाहिले जाते. अशा ठिकाणी ते गप्प बसले तर नवल नाही. मग ज्या प्रश्नाचे उत्तर मास्तरांनाही ठाऊक नाही, पुस्तकातही नाही आणि जगात कोणालाच ठाऊक नाही, असा प्रश्न मुलांपुढे ठेवला तर?

पहिल्या रविवारी मी फळ्यावर अटलांटिक महासागराचा नकाशा काढला आणि 'मेरी सेलेस्ट' या जहाजाची हकीकत सोप्या इंग्रजीत सांगितली. 7 नोव्हेंबर 1872 रोजी हे दोन डोलकाठ्यांचे शिडाचे जहाज न्यूयॉर्कहून इटलीतल्या जेनोआ बंदराकडे निघाले. मालात मद्यार्काची 1,701 पिंपे. जहाजावर कप्तान बेंजामिन ब्रिग्ज, त्याची पत्नी, दोन वर्षांची मुलगी आणि सात खलाशी, अशी दहा माणसे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अझोर्स बेटे आणि पोर्तुगाल यांच्यामध्ये ते दुसऱ्या एका जहाजाला दिसले. शिडे काही उभारलेली, अन्नपाणी भरपूर, माल जवळजवळ जसाच्या तसा, आणि माणूस मात्र एकही नाही! होडी नाहीशी झालेली. नोंदवहीतली शेवटची नोंद 25 नोव्हेंबरची. जिब्राल्टरला चौकशी झाली, पण त्या दहा माणसांचा पत्ता आजवर लागलेला नाही. कप्तानाचा सात वर्षांचा मुलगा मात्र शाळेसाठी आजीजवळ मागे राहिला होता, म्हणून तो वाचला. हे ऐकून वर्ग अगदी शांत झाला.

मग एक मुलगा म्हणाला, "सर, पण मग झालं काय ते सांगा की!" मी म्हणालो, "मला ठाऊक नाही." "अन् पुस्तकात?" "पुस्तकातही नाही. आता तुम्हीच सांगा, पण इंग्रजीत." थोडा वेळ कुजबूज झाली आणि मग एकामागून एक हात वर येऊ लागले. चाच्यांनी पळवले असेल. मग माल का नेला नाही? वादळ झाले असेल. मद्यार्काची वाफ होऊन पिंपे फुटतील असे वाटून सगळे होडीत उतरले असतील आणि दोर तुटला असेल. मोडक्यातोडक्या इंग्रजीत का होईना, पण बोलणे चालू झाले. त्या दिवशी मी एकालाही मध्येच थांबवले नाही. चुका वहीत टिपून घेतल्या आणि शेवटच्या दहा मिनिटांत, कोणाचे नाव न घेता, फळ्यावर दुरुस्त केल्या.

आता व्याकरणाविषयी. वडीलधाऱ्या गृहस्थांचा मुख्य आक्षेप तोच होता. मला नम्रपणे सांगावयाचे आहे की, या कोड्यांतून जे व्याकरण शिकवता येते ते धड्यातून शिकवणे महाकठीण. आपण मराठीत म्हणतो, 'ते गेले असतील', 'ते गेले असावेत', 'ते गेलेच असले पाहिजेत', 'ते गेले असणे शक्य नाही'. चार वाक्यांत खात्रीच्या चार पायऱ्या आहेत आणि त्या शेंबड्या पोरालाही कळतात. इंग्रजीत हेच काम मे, माइट, मस्ट आणि कॅनॉट ही चार लहान क्रियापदे करतात. पण आपले मूल 'असतील' हे भविष्यकाळाचे रूप समजून त्याचे 'विल' करते, आणि काल घडलेली गोष्ट उद्यावर जाते! हा घोटाळा नियम पाठ करून सुटत नाही. कप्तान होडीत उतरला असेल की उतरलाच असला पाहिजे, यावर दोन मुलांचे भांडण जुंपले की तो आपोआप सुटतो.

आपल्या गावात मराठीइतकीच कानडीही घरोघर बोलली जाते, याचाही मला मोठा उपयोग झाला. कानडीत 'बंदिरबहुदु' म्हणजे आला असेल आणि 'बंदिरबेकु' म्हणजे आलाच असला पाहिजे. एका मुलीने हे वर्गात सांगितले आणि म्हणाली, "सर, 'बहुदु' म्हणजे मे आणि 'बेकु' म्हणजे मस्ट. सोपं आहे की!" जे समजावयाला मी दोन तास घेतले असते ते तिने एका वाक्यात समजावले. मुलांच्या जिभेवर आधीच दोन भाषा आहेत. तिसरीला त्यांचा आधार होतो, अडथळा होत नाही.

कोडी शोधायला दरवेळी अटलांटिकपर्यंत जावे लागत नाही. आपल्या घाटाखाली रत्नागिरी आणि राजापूरकडच्या जांभ्याच्या सड्यांवर प्राचीन माणसांनी शेकडो चित्रे कोरून ठेवली आहेत. कशेळीला एक भलामोठा हत्ती आहे आणि त्याच्या अंगावर इतर प्राणी. चोर्ला घाटाने गोव्यात उतरून पुढे सांगे तालुक्यात गेले, तर कुशावती नदीकाठी उसगाळीमळला चक्रव्यूहासारखी आकृती दिसते. या कोकणातल्या कातळशिल्पांचे नाव 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेले. ती कोणी कोरली, कशासाठी कोरली, हे नक्की सांगता येत नाही. चित्रांत गेंडा आहे, आणि कोकणात तर आज गेंडा नाही. वर्गातला एक मुलगा उठून म्हणाला, "दे मस्ट हॅव सीन अ ऱ्हायनो." त्यावर दुसरा म्हणाला, "ऑर देअर ग्रँडफादर माइट हॅव टोल्ड देम." दोघांचेही इंग्रजी बरोबर होते आणि दोघांचा विचारही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अशा विषयांनी मुले भोळसट होतील, भुताखेतांवर विश्वास ठेवतील, असे काहींना वाटते. हे भय निराधार नाही. म्हणून मी 'बर्म्युडा त्रिकोण' मुद्दाम घेतला. 5 डिसेंबर 1945 रोजी अमेरिकी नौदलाची पाच विमाने चौदा माणसांसह नाहीशी झाली, ही गोष्ट खरी. पण तिच्या आधारे पुढे कितीतरी कहाण्या रचल्या गेल्या. लॉरेन्स कुशे नावाच्या ग्रंथपालाने जुनी वर्तमानपत्रे आणि हवामानाच्या नोंदी तपासून 1975 साली पुस्तक लिहिले. काही अपघातांच्या वेळी मोठे वादळ होते आणि ते कहाणीतून वगळले गेले होते, काही जहाजे तर भलत्याच समुद्रात बुडाली होती, असे त्याने दाखवले. 'मेरी सेलेस्ट'चेही तेच. 1884 साली कॉनन डॉईल यांनी त्यावर एक कल्पित कथा लिहिली आणि पुष्कळांनी तीच खरी मानली. तेव्हापासून आमच्या वर्गात दोन प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेले असतात. हू सेड सो? हाउ डू यू नो? असे कोण म्हणाले, आणि तुला कसे ठाऊक? जो मुलगा हे दोन प्रश्न इंग्रजीत विचारायला शिकला तो मोबाइलवर आलेल्या अफवेलाही मराठीत तेच विचारील, असा माझा विश्वास आहे.

आणि कोडे उलगडते कसे, हेही मुलांना दाखवावे लागते. त्यासाठी मी बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर घेतो. लवणासुराची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे आणि ती कथा म्हणून गोडच आहे. 1823 साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या सरोवराची नोंद केली. ते ज्वालामुखीने झाले असावे असे कित्येक वर्षे मानले जाई. पुढे उल्कापाताची शंका आली आणि 1973 साली तिथल्या दगडांत प्रचंड आघाताच्या खुणा सापडल्या. म्हणजे इंग्रजीत सांगायचे तर मे पासून मस्ट पर्यंत आणि मस्ट पासून वॉज पर्यंत यायला दीडशे वर्षे लागली! एवढे होऊनही ते किती जुने, याचा वाद राहिलाच. कोणी सुमारे पन्नास हजार वर्षे सांगतात, तर अलीकडच्या मोजणीत पावणेसहा लाख निघाली. 2020 च्या जून महिन्यात पाणी गुलाबी झाले तेव्हा लोक घाबरले, पण पुण्याच्या आघारकर संस्थेने ते खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म जीवांमुळे झाल्याचे दाखवले. न कळणे यात लाज नाही आणि शोधण्याचे सोडू नये, एवढे मुलांना यातून समजले तरी पुष्कळ झाले.

मी या वर्गाची फुशारकी मारीत नाही. शुद्धलेखन, निबंध, परीक्षेची तयारी यांना स्वतंत्र मेहनत लागतेच आणि ती आम्ही बुधवारी करतो. काही मुले अजूनही मागच्या रांगेत गप्प बसतात. त्यांना बोलते करायला मला वेळ हवा आहे.

विश्वस्तांपाशी माझे मागणे थोडेच आहे. जगाचा एक मोठा नकाशा, एक पृथ्वीगोल आणि सोप्या इंग्रजी पुस्तकांचे एक कपाट एवढे मिळावे. पालकांपाशी मागणे त्याहूनही कमी खर्चाचे आहे. मूल घरी येऊन दोन वाक्ये इंग्रजीत बोलले, तर कृपा करून हसू नका, आणि पाहुण्यांपुढे त्याला बोलून दाखवायलाही लावू नका.

शेवटी एक हकीकत सांगून पुरे करतो. गेल्या वर्षी वर्ग सुरू होताना एक बाई आपल्या मुलाला घेऊन आल्या. नाव लिहून घेताना मी मान वर केली आणि ओळखले. जत्रेची हकीकत सांगता सांगता खाली बसलेली तीच मुलगी. मला काय बोलावे सुचेना. तिने वाकून नमस्कार केला आणि एवढेच म्हणाली, "सर, ह्याला बोलताना मधे थांबवू नका हं."

मी तिला शब्द दिला आहे. तो पाळण्याचे बळ मला द्यावे आणि या वर्गावर आपणा सर्वांचा लोभ असाच राहावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.