मनाला दिलेला शब्द

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संमोहनविद्या व मनःस्वास्थ्य या विषयावर मी चार शब्द बोलावेत अशी मंडळाची आज्ञा झाली. मी मानसशास्त्राचा पंडित नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण झालो, अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले आणि सावंतवाडी तालुक्यातील खेड्यांत मुलांना शिकविण्यात आयुष्य घालविले. तथापि या विषयाशी माझा संबंध दोन प्रसंगांनी आला. एकात मी रोगी होतो, दुसऱ्यात अपराधी. ते दोन्ही प्रसंग आपणांपुढे ठेवावेत, एवढ्याच हेतूने मी उभा आहे.

सन १९८९ मध्ये सातवीच्या मुलांची सहल घेऊन मी पणजीस गेलो होतो. मांडवीच्या काठी जुन्या सचिवालयाशेजारी एक ब्राँझचा पुतळा आहे. झगा घातलेला एक पुरुष हात पसरून उभा आहे आणि त्याच्या पुढ्यात एक स्त्री मागे कलंडली आहे. एका मुलाने मोठ्याने विचारले, “गुरुजी, हा माणूस त्या बाईला मारतो आहे काय?” मला उत्तर ठाऊक नव्हते. ‘ठाऊक नाही’ एवढे म्हटले असते तर काय बिघडले असते? पण शिक्षकाचा अहंकार मोठा! मी म्हणालो, “तू तो ढच राहणार! नसत्या चौकशा हव्यात कशाला?” मुले हसली. तो मुलगा मान खाली घालून एस.टी.त जाऊन बसला. मी ते विसरूनही गेलो.

त्या पुतळ्याची कथा मला पुष्कळ वर्षांनी कळली. तो पुतळा आबे फारिया यांचा. मूर्तिकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी तो घडविला आणि १९४५ साली तो तेथे उभा राहिला. फारिया यांचा जन्म १७५६ साली बारदेशातील कांदोळी गावचा. लहानपणीच ते वडिलांबरोबर लिस्बनला गेले, रोममध्ये शिकून धर्मगुरू झाले आणि पुढे फ्रान्समध्ये स्थायिक झाले. त्यांच्याविषयी एक आख्यायिका गोव्यात घरोघर सांगतात. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनास उभे राहिले असता या तरुणाची वाचाच बसली. जवळ बसलेले वडील कोकणीत हळूच पुटपुटले, की ही सगळी भाजी आहे, कातर रे भाजी! तेवढ्याने भय पळाले आणि प्रवचन अस्खलित झाले. कथा कितपत खरी हे देव जाणे. पण ज्याने पुढे ‘सूचना’ हेच संमोहनाचे मर्म म्हणून सांगितले, त्याच्या चरित्राला ती शोभून दिसते खरी.

त्या काळी युरोपात मेस्मर नावाच्या वैद्याचा मोठा बोलबाला होता. आपल्या देहातून एक चुंबकीय द्रव वाहतो व त्याने रोग बरे होतात, असा त्याचा दावा. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. त्यांनी एक साधी युक्ती केली. बागेतील एका झाडात ‘चुंबकत्व’ भरावयास लावले आणि एका मुलाला डोळे बांधून झाडांकडे नेले. तो भलत्याच झाडापाशी मूर्च्छित पडला! समितीने निष्कर्ष काढला, की द्रव वगैरे काही नाही. परिणाम घडतो तो कल्पनेचा.

येथेच फारियांची थोरवी दिसते. समितीने कल्पनाच आहे म्हणून विषय मिटविला. फारियांनी कल्पनेलाच अभ्यासाचा विषय केले. १८१३ पासून त्यांनी पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग केले. मोहनिद्रेचे कारण प्रयोग करणाऱ्याच्या अंगी नसून ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्याच मनात असते, आपल्यापाशी कोणतीही दैवी शक्ती नाही, असे ते स्पष्ट सांगत. लोकांनी त्यांची टर उडविली, त्यांच्यावर विडंबनात्मक नाटक रंगभूमीवर आले आणि १८१९ साली, त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, ते दारिद्र्यात वारले. पुढे मँचेस्टरच्या जेम्स ब्रेड या शल्यवैद्याने १८४३ साली ग्रंथ लिहून या विद्येला वैद्यकाच्या जवळ आणले. आणि फ्रान्समधील नान्सी येथील वैद्यांनी सूचनेचे महत्त्व नव्याने प्रस्थापित केले.

आपल्या देशातही एक प्रयोग झाला. बंगालमधील हुगळी येथे जेम्स एस्डेल या डॉक्टरने १८४५ पासून मोहनिद्रेत अनेक शस्त्रक्रिया केल्या; पुढे कलकत्त्यास त्यासाठी एक छोटे रुग्णालयही मिळाले. परंतु १८४६-४७ मध्ये ईथर व क्लोरोफॉर्म आले. ते बहुतेक सर्वांवर चालत. मोहनिद्रा सर्वांना सारखी लागत नसे. म्हणून ती मागे पडली. ही मर्यादा आजही तशीच आहे. काही माणसे सूचनेस सहज वश होतात, काही मुळीच होत नाहीत. आणि त्यात कोणाचा कमीपणा नाही.

आता माझ्या दुखण्याविषयी. सेवानिवृत्तीनंतर पत्नीच्या दीर्घ आजारपणात माझी झोप पार उडाली. दोन-दोन वाजेपर्यंत आढ्याकडे पाहत पडावे. अशा वेळी मनुष्य कोणाचेही ऐकतो. दूरच्या एका शहरात मनःशक्तीचे शिबिर आहे, तीन दिवसांत सर्व व्याधी जातात, असे कोणी सांगितले. मी पाच हजार रुपये भरून गेलो. तेथे उपदेश मिळाला, की औषध घेणे म्हणजे रोगावर विश्वास ठेवणे. मी रक्तदाबाची गोळी बंद केली. अकराव्या दिवशी न्हाणीघरात भोवळ येऊन पडलो. मुलाने वेळीच दवाखान्यात नेले म्हणून आज आपणांसमोर उभा आहे.

त्या दवाखान्यातील मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी प्रथम रक्ताच्या तपासण्या करविल्या, गोळी पुन्हा सुरू करविली आणि मग म्हणाल्या, “गुरुजी, मनाला सूचना जरूर द्या, पण ती औषधाच्या जोडीने, औषधाच्या जागी नव्हे.” उठण्याची वेळ एकच ठेवणे, दुपारची झोप व सायंकाळचा चहा सोडणे, झोप येईना तर अंथरूण सोडून बाहेर बसणे, हे नियम त्यांनी घालून दिले. त्यांच्या जोडीला शिथिलीकरण व स्वयंसूचना शिकविली. ती अशी. पाठीवर उताणे पडावे. पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक अवयव आधी किंचित ताणून मग सैल सोडावा. श्वास सावकाश सोडावा. मग मनातल्या मनात एकच लहान वाक्य म्हणावे. मी म्हणत असे, ‘माझे अंग विसावत आहे.’ ‘मला झोप लागलीच पाहिजे’ असे कदापि म्हणू नये. बळजबरी केली की झोप पळते. एमिल कुए नावाचे फ्रेंच औषधविक्रेते शंभर वर्षांपूर्वी हेच सांगत. इच्छाशक्ती आणि कल्पना यांची झुंज लागली तर कल्पनाच जिंकते, असे त्यांचे मत. वीस गाठींची दोरी हाती घेऊन आपले वाक्य वीस वेळा हलकेच म्हणावे, असे ते रोग्यांना शिकवीत. जपमाळ ओढणाऱ्या आपल्या आजीबाईंना यात नवल ते कोणते वाटणार! मला सुमारे दोन महिन्यांनी गुण आला. आजही एखादी रात्र जागून जाते, पण तिचे भय राहिले नाही.

संमोहन कशासाठी उपयोगी आहे, हे वैद्यकाने तपासले आहे. १९५५ साली ब्रिटिश वैद्यक संघटनेने आणि १९५८ साली अमेरिकन वैद्यक संघटनेने त्यास उपचाराचे एक साधन म्हणून मान्यता दिली. वेदना सुसह्य करणे, दंतवैद्याचे किंवा शस्त्रक्रियेचे भय कमी करणे, मानसिक ताणाने बळावणारे आतड्याचे काही विकार, यांत प्रशिक्षित तज्ज्ञाच्या हातून त्याचा लाभ होऊ शकतो. मोहनिद्रा म्हणजे बेशुद्धी नव्हे; बहुतेकांना आजूबाजूचे बोलणे ऐकू येत असते. पण मधुमेह, कर्करोग, फेफरे यांवर ते औषध नाही. ज्यांना भास होतात, त्यांनी तर मानसोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्यावाचून या वाटेस जाऊच नये. मधुमेहासारखे रोग चमत्काराने बरे करण्याच्या जाहिराती आपल्या देशात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहेत, हे कित्येकांस ठाऊक नसते. आणि ज्यांच्या घरी कोणी मनाने खचले असेल, त्यांनी लोकलज्जा बाजूस सारावी. सरकारने २०२२ साली ‘टेली मानस’ सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास विनामूल्य सल्ला मिळतो.

बंधुभगिनींनो, आता माझ्या अपराधाकडे वळतो. फारियांविषयी वाचताना मला तो सहलीतला मुलगा आठवला. शोध घेतला. सातवीनंतर त्याने शाळा सोडली होती. आता महामार्गावर त्याचे मोटारदुरुस्तीचे दुकान आहे. मी त्याला भेटावयास गेलो आणि म्हणालो, “बाबा, त्या दिवशी तू विचारलेला प्रश्न चांगला होता. उत्तर मला येत नव्हते.” त्याने हात पुसले, मला खुर्ची दिली, चहा मागविला. थोड्या वेळाने म्हणाला, “गुरुजी, तुम्ही एकदाच म्हणालात, पण पोरांनी ते वर्षभर म्हटले. मग मलाही ते खरे वाटू लागले.” त्याच्या स्वरात राग नव्हता. तो असता तर मला बरे वाटले असते.

त्याला मी ती पुतळ्याची कथा सांगितली. त्याने आपल्या मुलीला हाक मारून तिलाही ती पुन्हा सांगावयास लावली. त्या मुलीने मला लागोपाठ तीन प्रश्न विचारले. दोहोंची उत्तरे दिली. तिसऱ्यास ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणालो.

संमोहन शिकण्यास आपण कोणत्याही शिबिरास जाण्याची गरज नाही. ते आपल्या घरात नित्य चाललेले आहे. लहान मूल मोठ्यांच्या शब्दाला सर्वांत अधिक वश असते. ‘हिच्या डोक्यात गणित शिरायचे नाही’, ‘हा बापासारखाच तापट’, ‘मुलीच्या जातीला काय करायचे शिकून’, ही वाक्ये आपण सहज बोलतो आणि विसरतो. मूल मात्र ती गाठी असलेल्या दोरीसारखी हाती धरून बसते. मार्चमध्ये आपली मुले परीक्षेस बसतील. त्यांना खोटी स्तुती नको. भय वाटणे स्वाभाविक आहे, तू केलेला अभ्यास तुझ्याजवळ आहे, आणि निकाल काहीही लागो, हे घर तुझे आहे, एवढे त्यांच्या कानी पडू द्यावे.

एका पित्याने मुलाच्या कानात दोन शब्द सांगितले आणि त्याची वाचा परत आली, असे गोव्यात सांगतात. एका शिक्षकाने एक शब्द उच्चारला आणि एका मुलाची वाचा गेली, हे मी स्वतः पाहिले आहे. तेव्हा आपण बोलताना जपावे, एवढीच नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.