तोल सांवरण्याची विद्या

आर्वीच्या घराचा उंबरठा पक्षाघातांतून वांचलेल्या मनुष्यास डोंगराएवढा भासतो. पायांत बळ येतें, परंतु पडण्याचें भय सरत नाहीं. पुनःपुन्हा सराव केल्यानें मेंदूचे शाबूत भाग गमावलेलें काम थोडेंबहुत शिकतात. हा सराव नीरस होऊं नये म्हणून डोळ्यांपुढें आभासी ओढा उभा करितात. तो ओलांडतांना रुग्ण नकळत दुर्बल पायावर भार घेतो. २०१७ सालीं कॉक्रेन संस्थेनें ७२ प्रयोगांतील २४७० रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हां तोल व चाल यांविषयींचा पुरावा अपुराच ठरला. शिवाय आर्वीहून सेवाग्राम वा सावंगीस रोज जाणें सर्वांस जमणारें नव्हे. म्हणून यंत्राची वाट पाहत बसूं नये. खुर्चीवरून उठणें-बसणें, ओट्याच्या आधारानें भार पालटणें, हें तज्ज्ञाकडून शिकून, कोणी जवळ असतां, घरींहि साधतें. उंबरठा ओलांडला, कीं विद्या सफळ झाली.