दौलताबादचे ऊन आणि आपली लेकरे

मे महिन्याच्या १९ तारखेच्या सुमारास, दुपारचे साडेबारा वाजण्यास काही मिनिटे असताना, दौलताबादच्या किल्ल्यातील सुमारे २१० फूट उंचीच्या चाँदमिनाराची सावली त्याच्या पायथ्याशीच गोळा होते; कारण आपल्या या अक्षांशावर त्या दिवशी सूर्य बरोबर माथ्यावर येतो. नेमक्या याच दिवसांत शाळांना सुटी असते, आजोळी आलेली भाचरे किल्ला पाहण्याचा हट्ट धरतात, आणि पाच-सात वर्षांची मुले वडीलधाऱ्यांचे बोट धरून भर दुपारी काळ्या पाषाणाच्या पायऱ्या चढताना दिसतात. त्यांचे ते लालबुंद झालेले चेहरे पाहून जीव कासावीस होतो, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

ज्यांनी हे स्थळ वसवले आणि वाढवले त्यांना उन्हाचा विसर कधी पडला नव्हता. महंमद तुघलकाने १३२७ साली आपली राजधानी दिल्लीहून येथे आणली, त्या प्रकरणातील त्याच्या धोरणाविषयी इतिहासकारांनी पुष्कळ कठोर लिहिले आहे आणि ते रास्तच आहे. परंतु दिल्ली ते दौलताबाद या चाळीस दिवसांच्या वाटेवर दुतर्फा झाडे होती, असे वर्णन त्याच शतकातील प्रवासी इब्न बतूता याने करून ठेवले आहे. किल्ल्यातील विस्तीर्ण हत्ती हौद, माथ्यावरची वाऱ्याला मोकळी असलेली मोगल अमदानीतील बारादरी आणि जवळच्या शहरातील पाणचक्कीच्या हौदाखाली काढलेले ते थंडगार दालन, या साऱ्यांत पाणी, सावली आणि वारा यांची तजवीज दिसते. मुलांच्या रक्षणासाठी आपल्यालाही याच तिन्हींचा बंदोबस्त करावयाचा आहे.

मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ मनुष्य, ही समजूत उन्हाच्या बाबतीत घातक ठरते. वजनाच्या मानाने मुलाच्या त्वचेचे क्षेत्रफळ अधिक असते, त्यामुळे हवा शरीराहून तप्त झाली की ती उष्णता त्याच्या अंगात अधिक वेगाने शिरते. त्याला घाम कमी येतो. शिवाय धावताना त्याचे शरीर वजनाच्या प्रमाणात अधिक उष्णता निर्माण करते. त्यातच जमिनीलगतची हवा सर्वांत तापलेली असते आणि मुलाचा चेहरा आपल्याहून जमिनीच्या कितीतरी जवळ असतो. किल्ल्याच्या पायरीवर आपल्या हाताची मागची बाजू क्षणभर टेकवून पाहा. ती तेथे ठेववत नसेल, तर त्या पायरीवरून पातळ चपला घालून चढणाऱ्या लेकराला काय सोसावे लागत असेल, हे निराळे सांगावे लागणार नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे हे, की खेळात रमलेले मूल तहान लागली म्हणून सांगत नाही. ते मोठ्यांनीच ओळखले पाहिजे.

तेव्हा किल्ला पाहावयाचा असेल तर सकाळी लवकर चढावा आणि ऊन तापण्यापूर्वी खाली उतरावे. मुलालाही समजेल अशी एक खूण आहे: आपली सावली आपल्या उंचीहून आखूड दिसू लागली की आडोशाला जायचे. कपडे सैल, सुती आणि पूर्ण बाह्यांचे असावेत. टोपी चहूबाजूंनी काठ असलेली असावी, म्हणजे कान आणि मानही झाकली जाते. ती नसेल तर ओल्या पंच्याने डोके झाकावे. उघड्या राहणाऱ्या त्वचेला सनस्क्रीन लावणे इष्ट. मात्र सहा महिन्यांच्या आतील बाळाला उन्हात नेऊच नये, आणि त्याला वरचे पाणी न देता आईचे दूध वारंवार पाजावे.

मोठ्या मुलांना तहानेची वाट न पाहता थोडे थोडे पाणी, ताक, पन्हे किंवा लिंबाचे सरबत द्यावे. रस्त्यावरच्या रसवंतीचा उसाचा रस उत्तमच, परंतु त्यातला बर्फ कोणत्या पाण्याचा आहे याची खात्री नसेल तर बर्फाविना मागावा. उन्हाळ्यात जुलाब लागले म्हणजे अंगातले पाणी दुहेरी वाटेने जाते. आमच्या मराठवाड्यात मुलाच्या खिशात कांदा ठेवून त्याला उन्हात पाठवण्याची चाल आहे. त्यामागची माया खरी आहे, पण खिशातला कांदा ऊन अडवीत नाही. त्या भरवशावर पाण्याची बाटली घरी राहिली तर अनर्थ ओढवतो.

आणखी एका गोष्टीविषयी मला अत्यंत आग्रहाने सांगावयाचे आहे. झोपलेल्या मुलाला उभ्या केलेल्या मोटारीत ठेवून कोणीही, तिकीट काढण्यापुरतेदेखील, जाऊ नये. बंद मोटारीतील तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे दहा अंशांनी चढते, आणि काच बोटभर खाली केल्याने त्यात फारसा फरक पडत नाही.

ऊन बाधू लागले की मूल चिडचिडे होते, त्याचे डोके दुखते, मळमळते, पोटऱ्यांत गोळे येतात, लघवी थोडी आणि गडद होते. त्याला तत्काळ सावलीत निजवावे, कपडे सैल करावे, पाणी किंवा क्षारसंजीवनी घोट घोट पाजावी. पुडी जवळ नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. परंतु मूल बरळू लागले, त्याला झटके आले, शुद्ध हरपू लागली किंवा अंग ४० अंशांवर तापले, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी तापाचे औषध देण्यात वेळ दवडू नये, चादरीत गुंडाळू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतीत, वारा घालीत राहावे. काखेत आणि जांघेत गार पाण्याच्या घड्या ठेवाव्यात. मूल शुद्धीवर नसेल तर त्याला कुशीवर वळवावे, आणि तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये.